गटार नसलेल्या गावाचा नमुना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, जुलै २०२५ मध्ये एक चांगली गोष्ट जाहीर केली. देशातल्या ५० शहरांच्या सांडपाण्यात १० विषाणूंचा माग काढायचा. तोवर हे काम पाचच शहरांत चालत होतं. पाचाची पन्नास होणार, आनंद आहे. पण पन्नासही शहरंच. सिंधुदुर्गातल्या तारकर्लीसारख्या गावाला त्यात जागा का नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: तिथे गटारच नाही, नमुना घ्यायचा कुठून?

हे उत्तर मला मान्य नाही. या आठवड्याचं सदर त्याच्याशी भांडण्यासाठी आहे.

आधी ही तपासणी असते काय, ते बघू. पोटातून शिरणारे बहुतेक विषाणू, आणि करोनासारखे श्वासातून शिरणारे काहीसुद्धा, विष्ठेवाटे बाहेर पडतात. अनेकदा ताप यायच्या आधीच पडू लागतात आणि ताप उतरल्यावरही काही दिवस पडत राहतात. पोलिओत तर वरून धडधाकट दिसणारं मूलही आठवडेच्या आठवडे विषाणू टाकत असतं. साधारण दोनशे जणांना लागण होते तेव्हा एखाद्यालाच लुळेपणा येतो. म्हणजे दवाखान्यात एक मूल पोचतं, तेव्हा बाकीची अंगणात खेळत असतात. दवाखान्याच्या रजिस्टरात ती कधीच येणार नाहीत. सांडपाण्यात मात्र येतात. डॉक्टरची फी परवडत नाही तो, मजुरी बुडेल म्हणून आजार अंगावर काढणारा, काविळीवर झाडपाल्याचं औषध घेऊन गप्प बसणारा, सगळे तिथे धरले जातात. कुणाला नाव विचारावं लागत नाही, सुई टोचावी लागत नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. भारतात पोलिओसाठी सांडपाणी तपासायची सुरुवातच मुंबईत झाली, २००१ साली. परळला हाफकिनच्या आवारात एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं, डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम उभं केलं. धारावीसारख्या दाट वस्तीचं सांडपाणी जिथे एकवटतं तिथे ठरलेल्या दिवशी जायचं, लिटरभर पाणी बाटलीत घ्यायचं, बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि परळ गाठायचं. दिसायला एवढंच. पुढचं काम नाजूक. लिटरभर काळपट पाण्यात विखुरलेला विषाणू रसायनांच्या मदतीने थोड्याशा द्रवात गोळा करायचा आणि काचेत वाढवलेल्या पेशींवर सोडायचा. त्यातल्या एका जातीच्या पेशी उंदराच्या. उंदराला माणसाचा पोलिओ सहसा होत नाही, म्हणून त्या पेशींवर माणसाच्या पेशीवरचा पोलिओचा रिसेप्टर मुद्दाम बसवलेला असतो. सांडपाण्यात विषाणू नाना तऱ्हेचे. या पेशींत शिरून त्यांना मारणारा मात्र जवळजवळ नेहमी पोलिओच. पेशी मेल्या की पुढच्या तपासण्या सुरू.

त्यातून काय कळलं? मुंबईत लुळेपणाचा एकही रुग्ण नसताना पाण्यात जंगली पोलिओ सापडत होता. त्याची जनुकीय ठेवण उत्तर भारतातल्या विषाणूशी जुळत होती. विषाणू रेल्वेने येत होता, कुणाच्या तरी पोटातून, आणि ज्याच्या पोटातून येत होता त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो मुंबईच्या सांडपाण्यात शेवटचा दिसला. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण आजारी पडला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला. मधल्या तीन वर्षांत रुग्ण नाही एवढं सांगून भागणार नव्हतं. गटारातही नाही, हे पुन्हा पुन्हा दाखवत राहावं लागलं.

हे परळ कुणाचं? मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या गिरणी कामगारांचं. कोकणातल्या घरटी एका माणसाने ज्या गिरणगावात आयुष्य काढलं, त्याच्या कुशीत हे शास्त्र आपल्याकडे रुजलं. त्या माणसाच्या गावापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

करोनात हे अंतर अंगावर आलं. परळच्या त्याच केंद्राने २०२० मध्ये मुंबईतली सहा ठिकाणं तपासली. मार्चमधल्या पाण्यात करोनाचा विषाणू मिळाला नव्हता, मेमध्ये सहाही ठिकाणी मिळाला. आणि त्याच मे महिन्यात चाकरमानी मिळेल त्या वाहनाने सिंधुदुर्गाकडे निघाले होते. गावातल्या शाळा विलगीकरणासाठी उघडल्या. स्वॅब सुरुवातीला जिल्ह्याबाहेर जायचे, अहवाल यायला दिवस लागायचे, आणि तेवढ्या दिवसांत वाडीत शंकेला ऊत यायचा. ज्यांच्या मनीऑर्डरीवर घराची कौलं चढली, त्यांनाच घराच्या पायरीवर उभं राहून आईला लांबून हात करावा लागला. या दुखावलेपणाचा कुठेही हिशेब झालेला नाही.

त्या शाळांच्या शौचालयांना टाक्या होत्या. त्या तपासता आल्या असत्या. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहातून बाहेर पडणारं सांडपाणी तपासलं, त्यात विषाणू दिसला म्हणून आतल्या सगळ्यांची तपासणी केली, आणि काहीही लक्षण नसलेले दोन विद्यार्थी सापडले. एका इमारतीची ही गोष्ट. शहर लागलं नाही, शहरभराची गटारं लागली नाहीत. शौचालयातून बाहेर पडणारा एक पाइप पुरला.

म्हणून 'गटार नाही' हे कारण मला पटत नाही. तारकर्लीत शेकडो पाइप आहेत. प्रत्येक घराच्या, प्रत्येक लॉजच्या मागे एक आहे. ते एकत्र येत नाहीत, हा अडथळा खरा आहे. त्यावर तोड काढायला हवी होती, आपण गावच यादीतून काढलं.

आता गाव बघा. मालवणहून दक्षिणेला निघालं की डाव्या हाताला कर्लीची खाडी, उजव्या हाताला समुद्र, मधे माडांची पट्टी. तारकर्लीपुढे देवबागेत ही पट्टी इतकी चिंचोळी होते की एका कुशीवर खाडीचं पाणी आणि दुसऱ्या कुशीवर लाटा. खाली रेती. रेतीत थोडं खणलं की गोडं पाणी, ते पावसाने साठवलेलं, आणि त्याच्या खाली खारं. त्या गोड्या पाण्याच्या पातळ थरावर विहिरी आहेत, आणि त्याच रेतीत शौचालयांच्या टाक्या आणि शोषखड्डे.

माझ्या ओळखीच्या एक वहिनी तारकर्लीत न्याहारी-निवास चालवतात. चार खोल्या, पुढे अंगण, मागे विहीर. सांडपाणी जातं कुठे, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हय गटार खंय असा? टाकी असा, नि तिच्या फुडे शोषखड्डो." विहिरीपासून खड्डा किती लांब, ते त्यांनी पावलं टाकून दाखवलं. पन्नास फुटांचा ठोकताळा त्यांना माहीत होता आणि त्यांचा खड्डा त्यात बसत होता. मोजता मोजता त्या कुंपणाशी पोचल्या आणि थांबल्या. शेजाऱ्याची नवी टाकी कुंपणाला लागूनच होती, आणि तिथून त्यांच्या विहिरीचा कठडा हाताच्या अंतरावर. दोन घरांनी आपापल्या आवारात नियम पाळला होता. एकमेकांच्या आवाराचा विचार कुणी करायचा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी मलाच विचारलं, "मगे ते तपासतले काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर रेतीत आहे. रेती ही चाळण आहे. जिवाणू या चाळणीत बऱ्याच अंशी अडतो, तो साधारण एक-दोन मायक्रॉन लांब. कावीळ अ, पोलिओ, नोरोव्हायरस हे विषाणू तीस नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे जिवाणूहून तीस ते साठ पटींनी बारीक. ते रेतीच्या कणांना चिकटून अडकतात खरे, पण पाऊस पडला, भूजल वर आलं, की सुटून पुढे जाऊ शकतात. शिवाय चिवट असतात. त्यांच्यावर चरबीचं वेष्टण नाही, त्यामुळे साबणाने सहज फुटत नाहीत आणि थंड, ओल्या, अंधाऱ्या जागी आठवडे, कधी महिने तग धरतात. टाकी अशीच जागा असते.

ग्रामपंचायत पाणी तपासते, नाही असं नाही. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. पावसाआधी आणि पावसानंतर पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि पंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. बाटलीत पाणी भरून ठेवायचं आणि ते काळं पडतं का बघायचं, ही सोपी तपासणी गावोगाव माहीत आहे. ही सगळी व्यवस्था मोलाची आहे आणि ती राबवणाऱ्या माणसांना आपण फार कमी पैसे देतो. पण ती बाटली जिवाणूंची आहे. काळी पडली नाही म्हणजे पाणी विषाणूंपासूनही सुरक्षित, असं धरून चालता येत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये सिंधुदुर्ग ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात देशातल्या मैदानी भागातला सर्वांत स्वच्छ जिल्हा ठरला. तो मान या जिल्ह्याने कमावला होता. घरोघरी शौचालय झालं, पहाटे टमरेल घेऊन माळावर जाणं थांबलं, बायकांची कुचंबणा संपली. यातलं काहीही मला कमी लेखायचं नाही. पण घरोघरी शौचालय झालं म्हणजे घरोघरी टाकीही झाली, आणि पूर्वी उघड्यावर दिसणारी गोष्ट जमिनीखाली गेली. पुढची पायरी त्या टाक्यांची होती. पाच माणसांच्या हिशेबाने बांधलेल्या टाकीवर नाताळात आणि मेच्या सुट्टीत वीस-वीस पाहुण्यांचा भार पडतो. चार दिवस राहून पाहुणे पुणे, बेळगाव, मुंबईला परततात. येताना काय घेऊन आले आणि जाताना काय नेलं, याची नोंद ठेवणारा कुणी नाही.

तारकर्लीत कुठली साथ चालू आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. म्हणायला आधार नाही, आणि आधाराशिवाय गावाला बदनाम करणं हा गुन्हा आहे. माझं म्हणणं एवढंच: साथ आली तर कळेल कसं? आज ते कळतं ते मालवणच्या दवाखान्यात काविळीचे चार जण एकाच आठवड्यात आले की. कावीळ अ अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला सरासरी चार आठवडे जातात. म्हणजे दवाखान्याला कळेपर्यंत महिना उलटून गेलेला असतो, आणि पाहुणा असेल तर तो पिवळा होतो ते पुण्यात. पुण्याचा डॉक्टर तारकर्लीच्या विहिरीला फोन करत नाही.

पाण्याचं दुखणं उशिरा कळलं की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, हेपटायटिस ई ची. माणसं गेली, आणि मग पंचगंगेकडे बोटं वळली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातपाय लुळे पडू लागले, काहींना व्हेंटिलेटर लागला, आकडा दोनशेच्या वर गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, तपासणीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस मिळाला. विहीर, टँकर, खासगी आरओ प्रकल्प, सगळ्यांची तपासणी सुरू झाली, पण रुग्ण रुग्णालयात पोचल्यानंतर. ते पुणे होतं. एनआयव्ही तिथेच आहे. तारकर्लीपासून ती घाटापलीकडे कित्येक तासांच्या वाटेवर आहे.

आणि वेळेवर कळलं तर काय करता येतं, तेही जगाने पाहिलं आहे. २०२२ मध्ये लंडनच्या बेक्टन प्रकल्पात, जिथे सुमारे ४० लाख लोकांचं सांडपाणी येतं, लसीपासून बदललेला पोलिओचा विषाणू पुन्हा पुन्हा मिळाला. लंडनमध्ये लुळेपणाचा एकही रुग्ण नव्हता. तरी ऑगस्टपासून १ ते ९ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे हैदराबादने हेच २०१६ मध्ये करून दाखवलं होतं: सांडपाण्यात टाइप दोनचा विषाणू मिळाला, रुग्ण कुणी नव्हता, आणि काही दिवसांत लाखो मुलांना लस टोचली गेली. गाझात जुलै २०२४ मध्ये आधी सांडपाण्यात विषाणू मिळाला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या मुलाचा लुळेपणा पोलिओचाच असल्याचं नक्की झालं, आणि सप्टेंबरमध्ये चालू युद्धात तास ठरवून बंदुका थांबवून मुलांना डोस पाजले गेले. युद्धात हे जमतं तर शांत किनाऱ्यावर का जमू नये?

आता तारकर्लीत करायचं कसं, यावर येतो. तज्ज्ञांनी यात हवी तेवढी दुरुस्ती करावी.

पहिली जागा टँकर. टाकी भरली की लॉजवाला फोन करतो, मैला उपसणारी गाडी येते, जाड पाइप टाकीत सुटतो, पंप धडधडतो, आणि पाऊण तासात टाकी रिकामी. एका गाडीत एका फेरीला एक-दोन टाक्यांचा मैला येतो. रिकामी करताना त्यातली लिटरभर बाटली भरून घेतली आणि आठवड्याच्या सगळ्या बाटल्या एकत्र केल्या, की तो गावाचा नमुना झाला. कोणत्या घरचा, हे त्यात कळत नाही, आणि कळूही नये. टाकीतला मैला जुना असतो, कालची लागण आणि दोन महिन्यांपूर्वीची लागण त्यात मिसळलेली असते, हा दोष खरा आहे. करोनासाठी म्हणूनच टाकी तितकीशी कामाची नाही. पण कावीळ अ आणि ई, नोरो, रोटा, पोलिओ यांच्यासाठी आहे, आणि रेती-विहिरीच्या गावाला भीती याच मंडळींची.

दुसरी जागा मोठी रिसॉर्ट. पर्यटन महामंडळाचा मुक्काम असो की खासगी, जिथे सांडपाणी शुद्धीकरणाचं यंत्र बसवलेलं आहे तिथे यंत्रात शिरणारं पाणी ताजं असतं. आठवड्याला एक बाटली. तिसरी जागा मालवणचं एसटी स्टँड आणि रुग्णालय, कारण सगळ्या वाड्यांची माणसं तिथे येतात.

चौथी जागा व्हाळ, म्हणजे ओढा. ब्रेंडन मूर नावाच्या डॉक्टरने १९४० च्या दशकात इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये, तोही किनाऱ्याचाच परगणा, साधी गॉजची गुंडाळी दोरीने बांधून गटारात सोडली. दोन-तीन दिवस ती तिथे राहिली, वाहत्या पाण्यातलं सगळं शोषत गेली, आणि तिच्यातून पॅराटायफॉइडचा जंतू मिळाला. मग गटाराच्या फाट्यांवर एकेक गुंडाळी लावत तो रोग पसरवणाऱ्या माणसापर्यंत पोचला. आजही हे तंत्र त्याच्या नावाने वापरतात. वीज नको, यंत्र नको. पावसात वाड्यांमधून खाडीकडे धावणाऱ्या व्हाळात हे सोडता येईल. एका बाटलीत एका क्षणाचं पाणी येतं, गुंडाळीत दोन दिवसांचं.

पावसाचं पाणी मिसळून नमुना पातळ झाला तर? त्यावरही उत्तर शोधलेलं आहे. मिरचीच्या रोपावर एक विषाणू वाढतो, पेपर माइल्ड मॉटल. माणसाला तो काही करत नाही. तिखटातून, लोणच्यातून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. नमुन्यात तो किती आहे यावरून माणसाची विष्ठा किती आणि पाणी किती याचा अंदाज बांधतात, आणि मग रोगाच्या विषाणूचा आकडा त्या हिशेबात वाचतात. मालवणी मसाला रोजच्या जेवणात असलेल्या गावात हे माप हमखास मिळेल.

प्रयोगशाळा? करोनात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आरटीपीसीआरची सोय झाली. त्याच ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून चांगलं काम कोणतं मिळेल? एनआयव्हीने पद्धत शिकवावी, दर काही नमुन्यांमागे एक पुण्याला पडताळणीसाठी मागवून घ्यावा.

यावर दोन हरकती येणार, आणि दोन्ही मला मनापासून गंभीर वाटतात.

पहिली लॉजवाल्यांची. विषाणू सापडला अशी बातमी फुटली की बुकिंग रद्द. कर्ज काढून खोल्या बांधलेल्या माणसाची ही भीती आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. म्हणून नमुना गावाचा एकत्र घ्यायचा, एका लॉजचा नाही. आकडा दर आठवड्याला तालुक्याच्या पातळीवर जाहीर करायचा, सापडो न सापडो. रोज छापल्या जाणाऱ्या तापमानाने कुणी घाबरत नाही, अचानक फुटलेल्या बातमीने घाबरतो. आणि विषाणू मिळाला तर लॉजला टाळं लावायचं नाही, हे आधीच लेखी ठरवायचं. विहिरींत टीसीएलचा डोस तपासायचा, पाणी उकळून द्यायचं, गळक्या टाक्या शोधायच्या, आशाताईंनी घरोघर काविळीची चौकशी करायची. कावीळ अ वर लस आहे, स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांपासून ती सुरू करता येते. पाहुण्याला पुढे जाऊन हे सांगणारा किनारा पाहुणा टिकवेल, असं माझं मत आहे. केरळात २०२४ मध्ये काविळीची साथ आली तेव्हा विहिरी, उपाहारगृहं, जेवणावळी, असा संशय पसरत गेला. आकडा हाताशी नसला की संशयच पसरतो.

दुसरी हरकत पैशाची. एवढा खर्च तपासणीवर करण्यापेक्षा टाक्या नीट बांधा, असं गावातला जाणता माणूस म्हणेल. त्याचं बरोबर आहे. एकच काम करता येणार असेल तर तेच करा. वाईने ते केलं आहे: तिथे नगरपालिका पाळी लावून दर तीन वर्षांनी घराघरातली टाकी उपसते, मैला प्रकल्पात नेऊन शुद्ध करते. सिन्नरनेही तशीच घडी बसवली. दोन्हींकडे शहरभर भुयारी गटार नाही. तारकर्लीच्या ग्रामसभेत एवढा एक प्रश्न विचारला जावा: उपसलेली गाडी रिकामी होते कुठे? त्याचं उत्तर लेखी मिळालं, तर नमुन्याची जागा आपोआप मिळेल, कारण मैला जिथे जमेल तिथेच बाटली भरायची. टाक्यांची व्यवस्था आणि विषाणूंची तपासणी या एकाच खर्चाच्या दोन बाजू आहेत, त्यांना एकमेकींविरुद्ध उभं करणं बरोबर नाही.

आणि पाइप धरणारा माणूस. तो पाइप टाकीत सोडतो, अडकला तर हाताने सोडवतो, शिंतोडे तोंडावर घेतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणं गुन्हा आहे आणि टाकीत उतरवण्याआधी संरक्षणाची साधनं देणं बंधनकारक आहे. किती गाड्यांवर हातमोजे, मास्क, गमबूट असतात, ते ज्याने त्याने आपल्या दारात गाडी आली की बघावं. गावात विषाणू आला तर सगळ्यांत आधी याच्या अंगावर येणार. त्याला कावीळ अ आणि ब ची लस, विमा आणि साधनं दिल्याशिवाय त्याच्याकडून बाटली भरून घेण्याचा हक्क आरोग्य खात्याला नाही. ही अट मी सगळ्यांत वर ठेवतो. नमुना त्याच्या हातून मिळणार आहे.

मेच्या अखेरीला जलक्रीडा बंद होतात, होड्या वर ओढल्या जातात, खोल्या रिकाम्या होतात आणि पाऊस पडायच्या आत टाक्या उपसून घ्यायची घाई सुरू होते. सगळ्या हंगामाचा मैला तेव्हा गाड्यांत असतो. पहिला नमुना त्याच पंधरवड्यात घ्यावा, दुसरा गणपतीनंतर चाकरमानी मुंबईला परतल्यावर, तिसरा नाताळानंतर. गाडीवाल्याचा नंबर तारकर्लीतल्या प्रत्येक लॉजच्या काउंटरवर लिहून ठेवलेला असतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तो मागून घ्यावा.